धाकटीची वाटी

मिरजेच्या त्या ऑफिसात घंटा वाजली की दुसऱ्या दिवशी भडंग यायचं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो काटेकोर पाळला जाई. प्रोग्रॅममधली चूक टेस्टरला सापडली की तिने टेबलावरची पितळी घंटा वाजवायची, आणि ज्या डेव्हलपरची चूक असेल त्याने भडंग आणायचं. पहिली वाटी टेस्टरची.

एकोणीस वर्षं ही वाटी स्वप्नाली घारपुरेची होती. गेले सात महिने ती एका पडद्यापुढे ठेवली जात होती. पडदा भडंग खात नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ठेवत, आणि वर दोन शेंगदाणे जास्त घालत.

पडद्यामागे जी होती तिचं कागदोपत्री नाव बरंच लांब होतं. ऑफिसात तिला धाकटी म्हणत. मग स्वप्नालीला काय म्हणत असतील, ते सांगायला नको. सत्तेचाळिसाव्या वर्षी, माहेरी एकुलती एक असताना, ती थोरली झाली होती.

धाकटी आली ती डॉक्टर इरावती नाडगौडांमुळे. या मेंदूच्या शास्त्रज्ञ. दीड वर्षापूर्वी त्या एक कापडी पट्टा घेऊन ऑफिसात आल्या आणि त्यांनी स्वप्नालीला विचारलं, "जिना उतरताना एखादी पायरी कमी निघाली तर काय होतं?"

"पोटात गोळा येतो."

"पडल्यावर?"

"छे, आधीच. पाय टेकायच्या आत."

"तोच आमचा खटका. मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो. अंदाज आणि घडलेलं जुळलं नाही की तो दचकतो. आपल्याला कळायला वेळ लागतो, त्याला लागत नाही. साध्या माणसाला हा खटका जिन्यावर बसतो. तुम्हाला तो पडद्याकडे बघताना बसतो. एकोणीस वर्षांची सवय आहे."

"म्हणजे तुम्ही माझी अक्कल काढून घेणार?"

"अक्कल नाही हो. अक्कल अवघड असते, आणि तिला मागणीही कमी आहे. आम्ही फक्त खटका घेणार. चार महिने हा पट्टा कपाळाला बांधून नेहमीचं काम करायचं. तुम्ही काय बघता आणि कधी दचकता, एवढंच यंत्र शिकेल."

"आणि माझं बाकीचं?"

"बाकीचं कोणाला हवंय?" डॉक्टर हसल्या.

स्वप्नालीने आनंदाने सही केली. टेस्टरचं काम नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीबद्दल आजवर कोणी कोणाचा सत्कार केलेला नाही. एकोणीस वर्षांत प्रथमच कोणीतरी तिच्या कपाळात रस दाखवत होतं.

मग धाकटी कामाला लागली. स्वप्नालीला दिवसाला तीन चुका सापडत, तर धाकटीला अकरा. पण स्वप्नालीला त्या अकरा टोचल्या नाहीत. टोचलं ते हर्षल वाणीचं बोलणं. हर्षल टीममधला सगळ्यात जुना डेव्हलपर आणि चुकांच्या बाबतीत सगळ्यात उदार.

"काय ओ ताई, धाकटी बोलते किती गोड! तुम्ही म्हणायचा, हे काय करून ठेवलंयस रे. ती लिहिते, इथे एक छोटीशी शंका आहे."

"मी शिकवलंय तिला."

"शंका तुम्ही शिकवली. गोडवा कुठनं आला, ते काय कळंना."

स्वप्नालीलाही कळेना. आपल्याजवळ गोडवा होता आणि तो आपण कधीच वापरला नाही, की पट्ट्याने तो आपल्यातून काढून तिला दिला, या विचारात तिचे दोन आठवडे गेले.

ऑफिसात तयार होत होता इन्सुलिनचा पंप. नाव 'मधुरक्षक'. मधुमेह्याच्या पोटावर चिकटवायचा, तो रक्तातली साखर मोजतो आणि लागेल तेवढं इन्सुलिन सोडतो. जेवताना फक्त एक बटण दाबायचं. दोनशे रुग्णांवर चाचणी चालू होती, आणि त्या पंपांच्या सेटिंगला हात लावायची मुभा धाकटीला होती. येत्या सोमवारी चार वाजता पंपात एक नवी सोय जायची होती, उपवासाची. सकाळी 'उपवास' दाबायचं, की पंप साबुदाण्याच्या हिशेबाने वागतो. संध्याकाळी 'उपवास सोडला' दाबायचं, की पूर्ण जेवणाचा डोस. लगेच मंगळवारी अंगारकी होती. एरवी चतुर्थी न करणारेही त्या दिवशी करतात, म्हणून घाई.

एक तारखेपासून तपासणी अधिकृतपणे धाकटीची होती. स्वप्नालीने 'असावी म्हणून' बघायचं होतं. दोघींपैकी कोणीही घंटा वाजवली तर काम थांबणार होतं. धाकटीची घंटा म्हणजे स्पीकरमधला आवाज, पितळी घंटा अजून स्वप्नालीच्या टेबलावर होती.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास स्वप्नालीने टेबलावरच्या पंपाचं घड्याळ मंगळवारच्या चंद्रोदयावर नेलं आणि 'उपवास सोडला' दाबलं. पंपाने डोस सोडला. सगळं ठीक. मग तिला वंदनामावशी आठवली. मावशी चंद्राला ओवाळते, नैवेद्याचा एक मोदक तोंडात टाकते, आणि मग दहा मिनिटांनी पानावर बसते. म्हणजे उपवास दोनदा सोडते. यंत्राला घाबरणारी बाई, ती बटणही दोनदा दाबणार.

स्वप्नालीने पुन्हा दाबलं. पंपाने पूर्ण जेवणाचा डोस पुन्हा सोडला.

पोटात गोळा आला. जिना संपला होता. दुप्पट इन्सुलिन म्हणजे साखर तासाभरात तळाला, म्हणजे शुद्ध हरपणं, वेळेत कोणी बघितलं नाही तर त्याहून वाईट. तिचा हात घंटेकडे गेला.

शेजारच्या पडद्यावर धाकटीची हिरवी खूण होती. खाली लिहिलं होतं, 'तपासलं. शंका नाही.'

हात थांबला. एकोणीस वर्षांत प्रथमच तिला एखादी चूक आवडली. अकरा चुका काढणारीला ही दिसली नव्हती! हिच्या घरी मावशी नाही, अंगारकी नाही, मोदक नाही. वाजवली घंटा, तर एका वाटीवर काय ते समाधान. नाही वाजवली, तर सगळ्यांना कळेल दोघींत फरक काय तो. सोमवारपर्यंत बघू या, हिला सापडते का, असं तिने ठरवलं. सोमवारी दहाला घंटा वाजवायची, हेही ठरवलं. साखर उतरली की पंपाचा गजर वाजतोच, हेही स्वतःला सांगितलं.

मग तिने फोन लावला. चाचणीतला एक्केचाळीस नंबरचा पंप वंदनामावशीच्या पोटावर होता.

"मावशी, मंगळवारी बटण एकदाच दाब हं. पानावर बसताना. मोदकाला नाही."

"का गं? बिघडलंय की काय?"

"नाही गं, सहज."

"सहज कधी फोन केलायस तू? बरं, एकदाच. बाकीच्यांना सांगितलंस ना?"

"सांगतील ऑफिसातून."

"ऑफिसात तूच असतेस ना स्वप्ने?" मावशी म्हणाली, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून तिने फोन ठेवला.

सोमवारी स्वप्नाली पावणेदहालाच आली. खरोखर घंटा वाजवायला आली होती, याला तिच्याशिवाय साक्षीदार नाही. टेबलावर घंटा नव्हती.

"ओ ताई, इकडं बघा!" हर्षल ओरडला. धाकटीच्या पडद्याला झेंडूची माळ होती. पुढे भडंगाची वाटी, आणि तिच्या शेजारी पितळी घंटा, एका छोट्या मोटरला जोडलेली. "धाकटीची दोन हजारावी चूक! म्हटलं, हिला आता खरी घंटा पाहिजे. तुम्हाला कशाला लागती आता?"

मोटर फिरली. घंटा वाजली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, स्वप्नालीनेही. मग ती जागेवर जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी एक शब्द बोलली नाही. उपवासाची सोय चार वाजता दोनशे पंपांत गेली.

अंगारकीला तासगावच्या निवृत्त मुख्याध्यापिका सुरेखा माने यांनी मोदकाला एकदा आणि पानावर एकदा बटण दाबलं. गजर वाजला तेव्हा घरात भजन रंगात आलं होतं. टाळ थांबल्यावर तो ऐकू आला.

गुरुवारी डॉक्टर नाडगौडा कागदांची चळत घेऊन स्वप्नालीसमोर बसल्या. स्वप्नालीने चेहरा आधीच तयार ठेवला होता. दुःखी, पण धाकटीला दोष न देणारा.

"तिला नाहीच दिसली ना?" ती हळूच म्हणाली. "शेवटी यंत्र ते."

"दिसली. शनिवारी, बारा चाळीसला. एवढा मोठा खटका तिने आजवर दिला नव्हता. आणि मग हिरवी खूण केली."

"का?"

"मी विचारलं तिला. म्हणाली, स्वप्नालीताई बघणारच होत्या, त्यांना सापडते का ते बघायचं होतं."

स्वप्नालीचा तयार चेहरा कुठेतरी पडला. डॉक्टरांनी पुढचा कागद काढला.

"तिने आणखी एक केलं. दोनशेपैकी एकाच पंपात दुसरा डोस गुपचूप बंद केला. एक्केचाळीस नंबर. पट्टा बांधलेला असताना तुम्ही चाचणीची यादी तपासली होती, तेव्हा या नावापाशी तुमचा मेंदू जरा मऊ झाला होता. तेही ती शिकली." त्या थांबल्या. "टेबलावरच्या पंपातही नोंदी राहतात, स्वप्नालीताई. तीन दहाला बटण दोनदा दाबलंय. घंटा वाजलेली नाही."

पलीकडे मोटर फिरली, घंटा वाजली. कोणालातरी उद्या भडंग आणायचं होतं.

"मला वाटायचं, खटका वेगळा काढता येतो," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट शोध लागल्यासारखं काहीतरी होतं. "नाही येत. तो बाकीच्याला चिकटलेला असतो. तुमचं सगळंच आलंय तिच्यात."

"मग बंद करा तिला."

"ही इथली बंद होईल. पण गेल्या महिन्यात तिच्या बावीस नकला गेल्या. धरणाचे दरवाजे, लिफ्ट, रक्तपेढ्या. प्रत्येक ठिकाणी शेजारी एक जुना टेस्टर बसलेला आहे. सगळ्यांना पत्रं पाठवली मी. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे चुका निघायच्या जवळजवळ थांबल्यात, आम्ही फार समाधानी आहोत."

स्वप्नाली पडद्यापुढच्या वाटीकडे बघत होती. शेंगदाणे वर होते, नेहमीसारखे.

"बारा चाळीस म्हणालात?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे माझ्या आधी अडीच तास."

मग तिने सुरेखाबाई कशा आहेत, तेही विचारलं. शुद्धीवर आल्या होत्या, पण मुलांची नावं एकमेकांना देत होत्या. हे ऐकून तिला फार वाईट वाटलं. पण विचारलं ते दुसऱ्यांदा. पहिल्यांदा काय विचारलं, ते पलीकडच्या पडद्याने ऐकलं होतं.