डाकोटाची तिसरी खिडकी

पुंडलिकनगरात त्या उन्हाळ्यात सगळ्यांचे कान टँकरच्या हॉर्नकडे लागलेले असत, एकट्या काकासाहेबांचे सोडून. २०१९चा मे महिना, नळाला आठव्या दिवशी पाणी, आणि हे गृहस्थ मागच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून विमान करत बसलेले! विमानतळावरच्या देखभालीच्या नोकरीतून निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. उभा जन्म खरी विमानं हाताळूनही यांची हौस फिटली नाही, असं त्यांच्या पत्नी रत्नमालाबाई शेजारणींना सांगत. त्यात थोडं कौतुकही असे, पण ते त्या कबूल करत नसत.

"अवो, टँकर आलंय. ते इमान ठिवा अन् पाइप धरा."

"दोन मिन्टं. चाक वाळतंय."

विमान होतं डाकोटा. बाल्सा लाकडाचं, खऱ्यापेक्षा अठ्ठेचाळीस पट लहान. पंख दोन फूट, अंग सोळा इंच. नाक वर आणि शेपूट जमिनीला, बसलेल्या कुत्र्यासारखं. काकासाहेबांनी आतल्या खुर्च्यासुद्धा केल्या होत्या, काडेपेटीच्या पुठ्ठ्याच्या. दोन्ही बाजू चिकटवल्यावर त्या दिसणार कुणाला, असं रत्नमालाबाईंनी विचारलं तेव्हा ते चिडले. "आत बसंल त्याला दिसतील की," असं म्हणाले आणि स्वतःच दचकले.

कारण आत कोणी बसलं होतं का, एवढाच तर सगळा प्रश्न होता.

बहात्तरचा दुष्काळ दुसऱ्या उन्हाळ्यात शिरला तेव्हा काकासाहेब बारा वर्षांचे होते आणि थोरला भाऊ कडुबा सोळाचा. चिकलठाण्याच्या धावपट्टीलगत तेव्हा नुसता माळ. तारेचं कुंपण होतं, तेही मेंढरांना विचारून घातल्यासारखं. दोघं तिथं कळप घेऊन जात. गवत नव्हतंच. मेंढरं वाळक्या काड्या चघळत आणि हे दोघे दुपारी सव्वाबाराला उतरून पाऊण वाजता उडणाऱ्या डाकोटाची वाट बघत. पोटात अर्धी भाकर, पण आभाळात घरघर झाली की कडुबा घोंगडी भिरकावून नाचायचा. काकासाहेबांना त्यानंतर पगार मिळाले, घर झालं, तरी त्या माळावरच्या दुपारींएवढं सुख पुन्हा कधी लागलं नाही.

एकदा विमान दार उघडं टाकून लांब उभं होतं. "तू मेंढरं राख," कडुबा म्हणाला, "म्या आतून बघून येतो. खिडकीतून तुला हात करीन." आणि वाकून पळत सुटला. तेवढ्यात वावटळ उठली. धुरळा बसला तेव्हा विमान धावायला लागलं होतं, आणि तिसऱ्या खिडकीत काकासाहेबांना एक पांढुरका तळवा दिसला.

पुढच्या मुक्कामी विमान तपासलं, आत कुणी नव्हतं. कोरड्या विहिरी धुंडाळल्या, वेरूळपर्यंतचे डोंगर पालथे घातले. कडुबा सापडला नाही. मग आईनं, आवडाबाईनं, तट्टाच्या शेपटीचा एक काळा केस उपटला, त्याला गाठ मारली आणि कुंकवाच्या डबीत ठेवला. त्यांच्या कळपाची ती रीत होती. जनावर हरवलं की गाठ मारायची, म्हणजे लांडग्याचं तोंड बांधलं जातं. "हरवल्यालं माघारी येस्तोवर सोडायची नाय," असं ती मरतानाही बजावून गेली. गाठ होती म्हणून कडुबाचं कार्य झालं नाही, पितरांच्या पंगतीत त्याचं पान कधी मांडलं गेलं नाही.

"शेहेचाळीस वर्सं झाली," रत्नमालाबाईंनी यंदा टुमणं लावलं होतं. "औंदा भाऊजींचं पान वाढू. जीव कुठं अडकला असंल तर सुटंल तरी."

काकासाहेबांना ते पटत होतं. पण आधी एक गोष्ट कळायला हवी होती. तो हात होता, की काचेवर चमकलेली उन्हाची तिरीप? तिरीप असेल तर कडुबा विमानात चढलाच नव्हता, कुठल्यातरी विहिरीत गेला, आणि पान वाढायला ते मोकळे. म्हणून हे मॉडेल. त्याच दिवसांत, त्याच वेळी ते उन्हात ठेवायचं. तेव्हाचं अंतर अठ्ठेचाळीसनं भागलं की दहा फूट. तिथं बसून बघायचं, काच चमकते का.

खिडक्यांना त्यांनी मिठाईच्या खोक्याचं पारदर्शक प्लॅस्टिक बसवलं. दुसऱ्या दिवशी तिसरी खिडकी धुरकट दिसली. पुसली, तरी तशीच. धुरकटपणा आतून होता. बाहेर बेचाळीस अंश तापमान, माठसुद्धा पाझरेना, आणि इथं काचेवर दव! गोंदाची वाफ असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. पण गोंदाची वाफ एकदा बसली की बसते. ही वाढत होती, कमी होत होती, कुणी सावकाश श्वास घ्यावा तशी. खोलीला घोंगडीचा वास येत होता. त्यांनी खोलीची खिडकी उघडली आणि रत्नमालाबाईंना काही सांगितलं नाही.

शेवटी राहिली रेडिओच्या एरियलची तार, कॉकपिटच्या माथ्यापासून शेपटापर्यंत. नायलॉन चमकत होतं, दोरा जाड दिसत होता. त्यांनी आईची डबी उघडली. केस अगदी मापाचा निघाला. अडचण होती गाठीची. खऱ्या विमानावर ती लिंबाएवढी दिसली असती. आयुष्यात एक रिव्हेट वाकडा चालवून घेतला नाही असा हा माणूस, त्याला ते खपेना. सुईच्या टोकानं त्यांनी गाठ सोडवली. इतक्या वर्षांनी केसाला वाक राहायला हवा होता. तो सरळ झाला, आत्ताच उपटल्यासारखा.

रत्नमालाबाई दारात उभ्या होत्या.

"गाठ सोडली तुम्ही?"

"तेवढ्यापुरती. उद्या सांजच्याला परत मारतो."

त्या डबीकडे बघत राहिल्या. आत आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाऊण वाजता काकासाहेब विमान घेऊन गच्चीवर गेले. घर बांधलं तेव्हा इथून उतरणारी विमानं दिसत. आता चहूकडे स्लॅब. शेजारच्या नव्या इमारतीचा धुरळा गच्चीवर पिठासारखा साचला होता. धुवायला पाणी होतं कुणाकडे? त्यांनी विमान ठेवलं, दहा फूट मोजले आणि उकिडवे बसले.

काच चमकली नाही.

त्यांनी विमान थोडं वळवलं, परत येऊन बसले. नाहीच. सूर्य थेट डोक्यावर आणि खिडक्या उभ्या. वैशाखात या वेळी तिरीप यायला वावच नव्हता. एवढी साधी गोष्ट विमानांत जन्म घालवून आपल्याला कशी सुचली नाही?

म्हणजे तो हात होता.

"चढला व्हता!" ते मोठ्यांदा म्हणाले. "कडुबा चढला व्हता इमानात!" त्यांना हसू येत होतं आणि डोळे भरून येत होते. भावानं शब्द पाळला होता.

तिसऱ्या खिडकीतलं धुकं मधोमध पुसलं गेलं. तिथं एक तळवा टेकला.

काकासाहेबांनी हात वर केला. तेवढ्यात गच्चीच्या कोपऱ्यातून वावटळ उठली. त्यांनी उपरणं डोळ्यांवर धरलं. मेंढराच्या गळ्यातली घंटा एकदा वाजली. मग अगदी जवळून, बारीक, कुणीतरी त्यांचं नाव घेतलं.

धुरळा बसला.

विमानाचं दार उघडं होतं. ते त्यांनी गोंदानं पक्कं केलं होतं.

दारापासून त्यांच्याकडं धुरळ्यात एक रेघ आली होती. त्यांनी खिशातलं भिंग काढलं. तांदळाच्या दाण्याएवढी अनवाणी पावलं. आधी जवळजवळ, मग लांब लांब. कडुबा पळत आला होता.

पावलं त्यांच्या चपलेपासून वीतभर अंतरावर थांबली होती.

"कळलं का?" रत्नमालाबाईंनी जिन्यातून विचारलं. "औंदा वाढायचं ना पान?"

काकासाहेबांनी भिंग आणखी खाली नेलं. त्या पावलांच्या मागोमाग, मोहरीएवढे, चार बोटांचे, नखं रुतलेले पंजाचे ठसे आले होते. पावलं थांबली होती तिथून ते वळून विमानाच्या दारापर्यंत परत गेले होते. जातानाचे ठसे येतानाच्यापेक्षा खोल होते.