दोन गाठींची माती

आम्ही घळीत उतरलो ते साहेबांना खोटं पाडायला! संग्रहालयाचे साहेब भर सभेत म्हणाले होते, "ही घळ कायमचीच उजाड. इथे रान कधी नव्हतंच. खुशाल सुरुंग लावा." खाणवाल्यांनी टाळ्या पिटल्या. मावशीचं डोकं फिरलं. दगड झालेली हाडं वाचण्यात तिचं आयुष्य गेलं होतं.

मावशी, दोर सांभाळणारा दादा आणि मी. घळीच्या भिंतीत जुने थर होते, खाली काळा, वर पिवळा. दोन्हींची माती, तिच्यातल्या उंदरांच्या बारीक दातांसकट, आम्ही वेगळी भरली. काळ्याच्या पोत्याला एक गाठ, पिवळ्याच्या पोत्याला दोन. तेवढ्यात दादाला हत्तीची कवटी सापडली. अख्खी, सुळ्यांसकट! तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसं त्याने तिला प्लास्टरमध्ये गुंडाळलं आणि दोराला बांधलं.

आणि वर डोंगरात पाऊस कोसळला. आधी गडगडाट आला. मग पाणी!

"कवटी सोड, पोती बांध!" मावशी ओरडली.

"वेडी झालीस? हत्ती बघून साहेबांची बोलती बंद होईल!"

"हत्ती चार डोंगर ओलांडून इथे मरायला आला असेल! उंदीर बिळाभोवतीच जगतो. इथे काय उगवत होतं ते त्याचेच दात सांगणार."

पाणी कमरेला लागलं.

"मग दोन्ही पोती एकात ओततो, एका खेपेत जातील!"

"हात तर लावून बघ! मिसळलंस की नुसता चिखल!"

दादाने शिवी हासडली. सुरी चालवली. कवटी गेली! मी वर चढून दोर ओढला, तळहात सोलले. एक पोतं. दुसरं. मग मावशी, शेवटी दादा. चिखलात दोन्ही पोती सारखीच दिसत होती. मी गाठी चाचपल्या. एक. दोन. शाबूत!

माती चाळली. काळ्या थरात बुटके दात, पाला-फळं खाणाऱ्यांचे. पिवळ्यात उंच दात, चरचरीत गवत चावून झिजलेले. आधी दाट रान, मग कुरण. उजाडपण फार नंतरचं! दात घेऊन आम्ही संग्रहालय गाठलं.

"हत्ती सोडून हे कण आणलेत?" साहेब हसले. "मला तर काही दिसत नाही."

मावशीने सूक्ष्मदर्शक त्यांच्यापुढे सरकवला. "दिसेल. जरा वाकावं लागेल."

साहेबांना ती सवय नव्हती. पण वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"असे आणखी आहेत तिथे?"

"भिंत भरून! सुरुंग लावलात तर एकही नाही."

साहेबांनी मान वर केली नाही. नुसता हात फोनकडे गेला.

"आणि माझा हत्ती?" दादा पुटपुटला.