आतबाहेर नसलेली बाटली

फुटलेल्या बाटलीला आतली बाजूच नव्हती, असं संचालिकाबाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं, तरी भाऊजींच्या डोक्यात उजेड पडेना.

"मग पाणी कुठे भरायचं?" त्यांनी विचारलं.

"पाण्याची बाटली नाही हो ती!" बाई कावल्या. "तिची मान वळून तिच्याच पोटात शिरते. मुंगी चालत निघाली, तर काठ न ओलांडता आतून बाहेर येते. माझ्या वडिलांनी स्वतः काच फुंकून केली होती. आता ते नाहीत. काल दुपारी चहाच्या सुट्टीत कोणीतरी ती फोडली."

वहिनी शांतपणे चष्मा पुसत होत्या. खासगी तपासाचा व्यवसाय त्यांचा. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. बँकेतून निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंतींना कंटाळण्यापेक्षा ते वहिनींबरोबर हिंडत. पिशवी ते सांभाळत आणि चुकीचे तर्कही तेच करत.

बाईंच्या गणित संस्थेत उपयोजित टोपोलॉजीचा आठवडाभराचा अभ्यासवर्ग चालू होता. आकार ताणला, दाबला, वाकवला तरी त्यातलं जे बदलत नाही, त्याचं हे शास्त्र. त्यात भोकांना फार मान असतो, एवढंच भाऊजींना समजलं होतं आणि तेही पटलेलं नव्हतं.

"संशय कोणावर?" वहिनींनी विचारलं.

"संशय कसला, पुरावा आहे. इथे प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला असतो. आपण कुठे आहोत हे त्या बिल्ल्याला कळत नाही. पाच-सहा फुटांत दुसरा कोणता बिल्ला आहे, एवढंच कळतं. नुसत्या शेजारावरून खोलीचा आकार ओळखायचा, हा आमचा प्रयोग. काल सुट्टीभर सगळे बिल्ले चहाच्या खोलीत होते. एकच बिल्ला एकटा होता. आमच्या एका विद्यार्थिनीचा."

"ती काय म्हणते?"

"जिन्यात वडिलांशी फोनवर बोलत होते, म्हणते. फोन कानाला लावूनही बाटली फुटते! आज चार वाजता तिचं व्याख्यान होतं, ते मी रद्द केलंय. संध्याकाळी तिला घरी पाठवणार आणि तिच्या विद्यापीठाला कळवणार."

"मग तिची शिष्यवृत्ती बुडाली," वहिनी म्हणाल्या. "मला चारपर्यंत वेळ द्या."

बिल्ले बनवणारा इंजिनिअर चहाच्या खोलीत भेटला. खोलीच्या मधोमध प्रचंड गोल टेबल होतं. पलीकडच्याशी बोलायचं तर ओरडावं लागावं, एवढं मोठं. कपबशा कडेने मांडलेल्या, साखरेचं भांडं आणि कागदी रुमाल मात्र थेट मध्यावर. भाऊजी साखरेसाठी वाकले आणि त्यांचं पोट टेबलावर टेकलं.

"काल दाढीवाले सर असेच आडवे झाले होते," इंजिनिअर हसला. "मीच त्यांचा कप धरला. मग मी टेबलाशीच उभा राहून गप्पा मारत होतो."

दाढीवाले सर म्हणजे अभ्यासवर्गाचे पाहुणे व्याख्याते. त्यांचं प्रमेय इथे जो तो शिकत असे.

इंजिनिअरने पडद्यावर परवाची सुट्टी दाखवली. ठिपके एकमेकांना रेषांनी जोडलेले, आणि चित्र बांगडीसारखं.

"हे मधलं भोक रोज असतं?" वहिनींनी विचारलं.

"रोज. कालच नव्हतं. हे पाहा, भरीव चकती झालीय. मुलगी हजर नव्हती ना, एक बिल्ला कमी पडला की चित्र बिघडतं."

"आणि सगळ्यांत जास्त रेषा कोणाच्या?"

"दाढीवाल्या सरांच्या. सुट्टीभर सगळ्यांच्या शेजारी. माणूसच तसा लोकप्रिय!"

भाऊजींनी समजल्यासारखी मान हलवली. समजलं काहीच नव्हतं.

मुलगी व्याख्यानाच्या खोलीत बाटलीच्या आता रिकाम्या फळीखालच्या टेबलाशी बसली होती. रडून डोळे सुजलेले.

"इथेच प्लग आहे म्हणून लॅपटॉप बाटलीखाली ठेवला होता. झाकण लावून जिन्यात गेले. आल्यावर काचा दिसल्या. मीच सगळ्यांना हाका मारल्या हो! आणि आज लॅपटॉप उघडला तर कीबोर्डच्या फटींत काचेचा चुरा."

"आज काय बोलणार होतीस, बाळ?"

ती घुटमळली. "सरांच्या प्रमेयात एक अट कमी पडते, असं मला वाटतं. त्यांना आधी सांगायला धीर झाला नाही. पण मैत्रिणींशी बोलले होते."

"म्हणजे गावभर झालं," भाऊजी म्हणाले.

दाढीवाले सर पाहुण्यांच्या खोलीत होते. माणूस इतका अगत्याचा की भाऊजी लगेच विरघळले. चहा आला, तेव्हा सरांनी घाईने हात आडवा धरला. "मला बिनसाखरेचा. डॉक्टरांनी साखर कधीच बंद केलीय."

सरांच्या बिल्ल्यावर मुंगी फिरत होती. भाऊजींनी ती अदबीने टिचकीने उडवली. तर खाचेतून दुसरी निघाली.

"काल सुट्टीत तुम्ही कुठे होता?" वहिनींनी विचारलं.

"चहालाच. बिल्ला सांगेल की. पोरगी गुणी आहे हो. हातून फुटली असेल, फार रागावू नका तिला."

बाहेर पडताच भाऊजी म्हणाले, "वहिनी, इंजिनिअरच! बिल्ले त्याचे, फेरफारही त्याचाच. सर म्हणजे देवमाणूस."

"देवमाणसाच्या अंगावर मुंग्या फार, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

चारच्या आधी त्यांनी सगळ्यांना चहाच्या खोलीत बोलावलं. मुलगी बॅग घेऊनच आली होती. तिच्या शेजारी कोणी उभं राहिलं नाही.

"मला तुमचं गणित येत नाही," वहिनींनी सुरुवात केली. "पण परवाच्या चित्रात मध्ये भोक का होतं, ते कळलं. ते हे टेबल. माणसं कडेने उभी राहतात, शेजारच्याचा बिल्ला जोडला जातो, पलीकडच्याचा नाही. टेबलाच्या मध्यावर कोणी उभं राहत नाही, म्हणून तिथे भोक."

"ते बरोबर आहे," इंजिनिअर म्हणाला. "पण काल..."

"काल ते बुजलं. तुम्ही म्हणालात, मुलगी नव्हती म्हणून. अहो, माणूस गेलं तर भोक पडतं, बुजत नाही! माझे मिस्टर गेले, तेव्हापासून आमच्या घरात ते आहेच. विचारा भाऊजींना."

भाऊजींनी मान खाली घातली. दादाच्या खुर्चीवर अजून कोणी बसत नसे.

"म्हणजे काल मध्ये एक बिल्ला जास्त होता," वहिनी पुढे म्हणाल्या. "तिथून तो कडेच्या सगळ्यांना ऐकू जात होता. पण सुट्टीभर टेबलावर कोण उभं होतं? कोणीच नाही. नुसता बिल्ला होता. रुमालांच्या गठ्ठ्याखाली, साखरेच्या भांड्याला चिकटून."

खोलीत चुळबुळ झाली. दाढीवाल्या सरांचा हात आपोआप छातीकडे गेला.

"ज्यांना साखर बंद आहे, ते सर साखरेसाठी टेबलावर आडवे झाले. ज्यांना साखर बंद आहे, त्यांच्या बिल्ल्याच्या खाचेत मुंग्या. बिल्ला सगळ्यांबरोबर चहा पीत होता, सर व्याख्यानाच्या खोलीत हिच्या लॅपटॉपपाशी होते. लॅपटॉप उघडा असताना वरून बाटली पडली, म्हणून चुरा कीबोर्डमध्ये गेला. घाईत कोपर लागलं असेल. मग झाकण लावून सर परत आले, बिल्ला उचलला आणि लावला. ही मुलगी तर स्वतःचा लॅपटॉप कधीही उघडू शकते, त्यासाठी तिला चोरून यायची गरजच काय?"

भाऊजींना सर काहीतरी विनोद करतील असं वाटलं. तसं व्हावं, असं त्यांना फार वाटत होतं. सर खुर्चीत बसले.

"बाटली फोडायची नव्हती," ते पुटपुटले. "मुलीचं म्हणणं बरोबर आहे का, एवढंच पाहायचं होतं. सगळ्यांसमोर कळण्याआधी."

"आणि मी तिला घरी पाठवत होते, तेव्हा?" संचालिकाबाईंचा आवाज चिरकला.

"तेव्हा वाटलं, बरं झालं." सरांनी चेहरा झाकला.

मुलगी पुढे आली. ओरडेल, असं भाऊजींना वाटलं. तिने एवढंच विचारलं, "मग? आहे का बरोबर?"

सर म्हणाले, "आहे."

संचालिकाबाईंनी डोळे पुसले, तिच्या हातातली बॅग काढून घेतली आणि म्हणाल्या, "चुकलं माझं, बेटा. चहा घे. चार वाजता तू बोलणार आहेस." त्या स्वतः बाजूला सरकल्या, इंजिनिअरही सरकला, आणि टेबलाच्या कडेला तिच्यासाठी जागा झाली.

पडद्यावर आता याच क्षणाचं चित्र होतं, ते हळूच बदललं. एकटा ठिपका आत आला, बांगडी पुरी झाली आणि मध्ये भोक दिसू लागलं.

भाऊजींनी पडद्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरेच्चा, वहिनी! म्हणजे ते भोक म्हणजे हे टेबल!"

"हो, भाऊजी," वहिनी म्हणाल्या आणि आता कडेला आणून ठेवलेलं साखरेचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.