माहेरची खापरं

ग्रीसमधल्या थेसलीच्या मैदानात, शर्वाणी मोघेच्या टेकडीवरच्या प्रयोगशाळेत स्पर्शवाचक यंत्राची चाचणी होती, आणि डॉ. कुमुद टिपणीसांच्या पोटात नुसतं दुखत होतं. सात हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची गावं दोघी शेजारशेजारच्या टेकड्यांत खणत होत्या. शर्वाणीला लाल नक्षीचे घडे सापडायचे, कुमुदला जाडीभरडी खापरं! आणि आता पैसे आटल्यामुळे खोदकाम एकाच टेकडीचं, जिचा शोध मोठा तिचंच, चालू राहणार होतं. दुसरी माती लोटून बुजवायची.

"ओल्या मातीवर बोटांचा दाब पडतो, तो भाजल्यावर कणांत कायम राहतो," शर्वाणी सांगत होती. "त्यावरून हाताची चाल कळते. लहानपणी शिकलेली चाल म्हातारपणीही बदलत नाही, कुमुदताई."

"मग तुझ्या गावच्या बाकीच्या खापरांशी जुळवून बघ की!"

यंत्रानं जुळवलं. चाचणीला ठेवलेल्या लाल घड्यावरची चाल त्या गावात दुसऱ्या कुणाचीच नव्हती.

कुमुदला काय आनंद झाला! "अगं, तुझी कुंभारीण तुझ्या गावची नाहीच! लग्न होऊन आली असणार. शिकली माहेरी. ते माहेर जो शोधून दाखवेल, खरा मान त्याचा."

"जवळ दुसरं गाव तुमचंच आहे, ताई. तुमची खापरं आणा."

कुमुदचा चेहरा खर्रकन उतरला. गेल्या हंगामात ते घडे बघायला लोकांची झुंबड उडाली, तेव्हा या टेकडीच्या चिखलवाटेवर टाकायला खडी हवी होती. बिननक्षीची खापरं मोजून फेकून द्यायची खोदकामातली जुनी रीतच; कुमुदनं फणकाऱ्यानं आपली सगळी देऊन टाकली होती. "घाला तिच्या पायाखाली! तेवढीच त्यांची लायकी." ती ज्या थरातून निघाली, तो थर तर केव्हाच उपसून संपला होता.

ती धावत वाटेवर गेली, नखांनी उकरून एक खापर घेऊन आली. यंत्रानं वाचलं. तीच चाल, पण बोटं इवलीशी, दाब चाचपडणारा. शिकणारी पोर.

"माझी आहे ती! माझ्या गावची लेक!" कुमुद ओरडलीच.

शर्वाणीलाही क्षणभर वाईट वाटलं. पण टेकडी तिलाही वाचवायची होती.

"थरातून हललेल्या खापराला गाव नसतं, हे तुम्हीच मला शिकवलंत, ताई. आणि हे तर माझ्या टेकडीवर सापडलंय."

कुमुद परत निघाली. खाली उतरायला तीच एक वाट होती. पायाखाली खापरं करकरत होती, आणि आज पहिल्यांदाच ती जपून पाय टाकत होती.