तुटक्या कड्यांचा पुरावा

"माफीनाम्यावर मी सही करणार नाही!" देवपूरच्या त्या लहानशा कचेरीत शिरताच दिपमाला म्हणाली.

खाजगी तपासनीस रत्नाने तिला आधी बसवलं. तिचे सहकारी, निवृत्त हवालदार हिलालभाऊ, चहा सोडून ऐकू लागले.

भडगावकडची ही मुलगी बकरीच्या उवांवर संशोधन करत होती. "पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाची जनुकं बहुतेक किड्यांत एकाच कड्यात असतात. माझ्या उवांत ते कडं पिढ्यानपिढ्या तुटत जाऊन त्याची बारीक कडी झालीत. फेरतपासणीत मात्र माझ्या नळीतून अखंड कडं निघालं. तसं कबुतराच्या एका जातीच्या उवेत असतं. मी खोटं रचलं असा माफीनामा दिला नाही, तर आज मला काढून टाकणार आहेत."

"उवा काढतेस कशा?" रत्नाने विचारलं.

"आई बकरीला करंजाचं तेल चोळते आणि फणी फिरवते. उवा थेट स्पिरिटमध्ये. तेलानं ते दुधाळ होतं, पण तपासणीला काही अडत नाही."

तिच्याखेरीज नळ्यांच्या कपाटाच्या किल्ल्या दोघांकडेच होत्या. रत्ना आणि हिलालभाऊ कॉलेजात जाऊन दोघांना भेटले. पहिला तिचा सहाध्यायी स्वप्नील.

"मी कबुतरं पाळतो म्हणून माझ्यावर संशय?" तो उसळला. "तिच्या तेलकट नळ्या रोज मीच पुसतो!"

दुसरे होते तिचे मार्गदर्शक प्रेमराजसर. खिडकीतलं कबुतर हाकलत ते म्हणाले, "उवांचं कडं तुटत नाही, हे माझ्या पुस्तकात आहे. तिच्या नळ्या मी कधी पाहतही नाही. फेरतपासणीची तेवढी मीच काढून दिली. स्पिरिट अगदी नितळ! भेसळ होणार कुठून?"

"कबुतरवालाच!" बाहेर येताच हिलालभाऊंनी निकाल दिला.

रत्ना हसली आणि तिने सगळ्यांना प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं.

"दिपमालाची नळी दुधाळ असते. तपासलेली नितळ होती, म्हणजे ती बदललेली. स्वप्नीलने बदलली असती तर तेलाचा थेंब टाकायला तो विसरला नसता. ही चूक त्या नळ्या कधीच न पाहणाऱ्याची. सर, नितळ असल्याचं तुम्हीच सांगितलंत. आणि कबुतरं तुमच्याही खिडकीत येतात."

प्रेमराजसरांचा चेहरा पडला. "माझं पुस्तक खोटं ठरलं असतं," ते पुटपुटले.

प्राचार्य खाकरले. मोठ्या खुर्चीला अशा वेळी मिटवामिटवीची भारी घाई असते. "दिपमाला, तुझं संशोधन चालू राहील. हे या खोलीतच राहू दे."

दिपमाला उठली. रागाने तिच्या तोंडी गावची बोली आली. "खोलीमा नही, सर. मी खोटी शे, हे तुम्ही बठ्ठासमोर, आख्खा कॉलेजसमोर सांगेल व्हतं. आते मी खरी शे, हेबी बठ्ठासमोर सांगा."

तिने दार सताड उघडलं आणि बाहेर थांबलेल्या मुलांना आत बोलावलं.