उन्हावर जगणारी बारा माणसं

गच्चीचं दार उघडताच डॉ. मृदुला खरवंडीकरांनी पदर नाकाला लावला. डबक्यातलं शेवाळ आणि आंबलेला गूळ एकत्र ढवळावा तसा वास येत होता. बारा माणसं लंगोटावर उन्हात पालथी पडली होती. त्यांच्या हिरव्या पाठींवर बुळबुळीत थर साचला होता आणि त्यावर माशा घोंगावत होत्या.

"सवय होते वासाची," हरितत्वचा केंद्राचे संचालक डॉ. प्रभंजन आठल्ये म्हणाले. त्यांच्या हातात शिऱ्याची बशी होती आणि बोटांना तूप लागलं होतं. "तीन महिने ही माणसं फक्त पाणी आणि क्षारांवर आहेत. जेवण देतो तो सूर्य!"

माणच्या माळावरच्या सौरक्षेत्रात नऊ हजार कामगार राबत होते; हे बारा त्यांच्यातलेच. प्रयोग यशस्वी ठरला, तर सगळ्यांची कातडी हिरवी करून त्यांचं सरकारी भोजनगृह बंद होणार होतं. त्यासाठी परीक्षक म्हणून मृदुलाबाईंचा अहवाल तेवढा हवा होता.

"पान काय करतं, आठल्ये? उन्हाच्या जोरावर पाणी फोडतं, त्यातला प्राणवायू सोडून देतं आणि हवेतला कार्बन पकडून साखर करतं."

"आमची त्वचाही तेच करते. पालकाची हरितलवकं आहेत तिच्यात."

"करते, पण किती? शंभर भाग उन्हातले फार तर दोन भाग साखरेत उतरतात. झाडाला तेवढ्यात भागतं, कारण त्याला हजारो पानं असतात आणि ते जागचं हलत नाही. माणसाची पाठ ती केवढी! दिवसभर पालथं पडलं तरी एका पोळीइतकी साखर मिळेल."

"हिशेब तुमचा, वजनकाटा माझा," आठल्ये बोट चाटत म्हणाले. "एकाचंही वजन किलोभर घटलेलं नाही."

ते मात्र खरं होतं. मृदुलाबाईंनी बाराही जणांचे चार-चार केस मुळाशी कापून घेतले.

हवेतला कार्बन पकडण्याच्या वनस्पतींच्या दोन तऱ्हा आहेत. गहू, तांदूळ, पालक यांची एक. ज्वारी, ऊस यांची दुसरी. या दुसऱ्या तऱ्हेत जड कार्बन किंचित जास्त उतरतो आणि जे खावं त्याची खूण केसात उमटते. भोजनगृहात फक्त भात आणि पोळ्या होत, म्हणून तपासणीत केसांच्या टोकांकडे गहू-तांदळाची खूण सापडली. मुळाकडच्या तीन सेंटिमीटरांत, म्हणजे प्रयोगाच्या तीन महिन्यांत, निव्वळ ज्वारी होती.

गच्चीवर रोज ये-जा करणारं बाहेरचं एकच माणूस होतं, चादरी धुणाऱ्या कौसाबाई. मृदुलाबाईंनी त्यांना हौदाजवळ गाठलं. कौसाबाई शेवाळलेली चादर दगडावर आपटत होत्या.

"कौसाबाई, चादरींच्या घडीत भाकरी नेता ना?"

बाईंचा हात थांबला. मग त्या उसळून म्हणाल्या, "व्हय, नेते! पहिल्याच हप्त्यात डोळं पांढरं केलं हुतं समद्यांनी. सोडून गेलं तर कामावरनं काढणार म्हनं. वस्तीवर छत्तीस घरं हायती आमची. गावाकडनं जोंधळं आणतो, घरटी दोन भाकरी करतो. आपल्या मानसांना उपाशी मारायचं व्हय म्यॅडम?"

बहात्तर भाकरी, माणशी सहा. वस्तीच्या मायेनंच वजनकाटा जागेवर राहिला होता, आणि त्याच काट्यापायी वस्तीचं जेवण जाणार होतं. हे त्या माउलीला कोणत्या तोंडानं सांगायचं?

आठल्यांसमोर त्यांनी केसांचा आलेख टाकला, तेव्हा त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही.

"पहिल्या महिन्यापासून माहीत आहे मला. अहो, भोजनगृह बंद झालं तरी लोक काहीतरी करून एकमेकांना जगवतातच. सरकारला आणखी काय हवंय? आणि खरं लिहायचं असेल तर खुशाल लिहा. भाकऱ्या देणारी बाई जाईल, हे बारा जातील आणि मी दुसरे बारा आणीन. त्यांना मात्र कुलपात ठेवीन."

मृदुलाबाईंना गच्चीवरचा वास एकदम सोसवेनासा झाला, आणि या वेळी तो गच्चीवरून येत नव्हता. असल्या माणसाबरोबर एका टेबलाशी बसल्याचीच त्यांना किळस आली.

त्यांनी तासाभरातच अहवाल लिहिला आणि आठल्यांच्या देखत पुरवठा खात्याला पाठवून दिला. हातातल्या प्रतीच्या पहिल्याच ओळीत 'प्रयोग यशस्वी' हे शब्द वाचून आठल्ये खुलले. ही बाई वाटली तितकी खुळी नाही, असं काहीतरी ते पुटपुटलेही.

मग त्यांनी पुढची ओळ वाचली. 'केसांच्या चाचणीनुसार आणि वजनाच्या हिशेबानं, वजन टिकलं त्या काळात प्रत्येकाच्या आहारात रोज ज्वारीच्या सहा भाकरी होत्या. योजना राबवताना हीच परिस्थिती कायम ठेवणं बंधनकारक आहे. तेव्हा कामगारांना रोज माणशी सहा भाकरी सरकारी भोजनगृहातून द्याव्यात.'

"ही अट काढा," आठल्ये ओरडले.

"काढते की, दुरुस्तीचं पत्र पाठवून. पण वजनाचे आकडे या अटीतलेच आहेत. अट गेली की तेही गेले. मग काय दाखवाल?"

मृदुलाबाई उठल्या. भोजनगृह वाचलं होतं, कौसाबाईंचं नाव कुठंच आलं नव्हतं. पण त्या घाणीला 'यशस्वी' म्हणून खाली स्वतःची सही करावी लागली होती. बाहेरच्या नळावर त्यांनी दोनदा साबण लावून हात धुतले, आणि तरीही ते कोणाला लावावेसे वाटेनात.