दोन्ही याद्यांत नाव

"ओ मॅडम, बूट काढा! धान आहे थे!"

तुमसरच्या त्या राइस मिलच्या पटांगणात उकडलेलं धान वाळत होतं, आणि प्रतीक्षा हातात मोबाइल धरून बुटांसकट त्यातून निघाली होती. तिनं खाली पाहिलं, जीभ चावली आणि बूट हातात घेतले. ओरडणारा वजनकाट्याजवळ उभा होता. मालक मारोतरावांचा मुलगा, मनीष.

"मॅडम नका म्हनू. प्रतीक्षा. वायफायचं काम कराले आली."

"मंग धानात काय शोधून राहिल्या?"

"वायफायवरचा फोन कुठं तुटते थे. पाहा... बरोबर इथं तुटला!"

जुन्या मिलमध्ये एक कंट्रोलर होता, समोरच्या नव्या गोदामात दुसरा. कंट्रोलर म्हणजे आपापल्या इमारतीतल्या वायफायचा कारभारी. माणूस मिलमधून गोदामाकडे चालू लागला की पहिल्यानं त्याला अलगद दुसऱ्याच्या हवाली करायचं, एवढी साधी गोष्ट. पण त्यासाठी दोघांच्याही ओळखीच्या यादीत एकमेकांचं नाव हवं, आणि हे दोघे एकमेकांना ओळखतच नव्हते. मग पटांगणाच्या मध्यावर बोलणं तुटे, पोत्यांवरचे कोड वाचणारी यंत्रं बंद पडत आणि हमाल वायफायचा उद्धार करत.

तपासायचं तर समोरून कुणीतरी बोलत राहायला हवं. मनीष काय, एका पायावर तयार. तो गोदामाच्या दारात बसे आणि ती उन्हात अनवाणी चालत राही.

"बोला काही."

"काय बोलू?"

"काहीबी. आवाज तुटते का पाहाचं आहे."

"मंग... तुमच्या पायाची रेघ सरळ नाही पडत धानात. लाजता काय चालताना?"

"मी? आनि लाजन?"

तेवढ्यात फोन कटला. बरंच झालं, कारण ती खरोखरच लाजली होती.

असे पाच दिवस गेले. मिलच्या कंट्रोलरच्या यादीत तिनं गोदामाचं नाव पहिल्याच दिवशी टाकलं होतं. गोदामाच्या यादीत मिलचं टाकायचं, तर तिथला पासवर्ड हवा होता. "थे बसवनाऱ्या नागपूरवाल्याकडं आहे, मागून राहिलो," असं मनीष रोज सांगे. पाचव्या दिवशी तो पासवर्ड त्याच्याच वहीच्या पुठ्ठ्यावर सापडला, त्याच्याच अक्षरात.

"माहे पाय भाजले उन्हात! काहून लपवला?"

"काम झालं असतं... तर तुमी गेल्या असत्या न."

तिला राग आला. आणि रागाबरोबर इतका आनंद झाला की तिला स्वतःचाच राग आला. पहिल्या दिवसापासून तिला हा माणूस आवडला होता, उगाच कशाला लपवायचं?

"मी आवडते तुमाले?"

"हो..."

"मलेबी तुमी आवडता. काल मी आईले सांगतलं. तुमी सांगतलं घरी?"

मनीषची नजर मिलच्या ऑफिसकडे गेली. "सांगतो न... हळूहळू. बाबाचा स्वभाव... तुमचं आडनाव..."

रामटेके. या भागात आडनावावरून समाज ओळखायला पंचांग लागत नाही. तो कुणब्याचा, ती बौद्धांची. पहिल्या दिवशी तिचं आडनाव विचारल्यापासून मारोतराव तिचा चहा बाहेर पाठवत, कागदी कपात. बाकीचे आत बसून कपबशीतून पीत. मनीषनं ते पाहिलं होतं, आणि त्यानं पाहिलंय हे तिनंही पाहिलं होतं.

"एकाच यादीत नाव टाकून भागत नाही, मनीष." ती पहिल्यांदाच त्याच्याशी एकेरीत बोलली. "पाच दिवस थेच पाहून राहिलो न आपन? माह्या घरी तुहं नाव गेलं. तुह्या घरी माहं जात नसन, तर हे इथंच तुटलं. मी चोरून कोनाची होनार नाही."

तिनं पासवर्ड टाकला, गोदामाच्या यादीत मिलचं नाव चढवलं आणि लॅपटॉप मिटला.

"शेवटची तपासनी. मले फोन लाव आनि मिलपर्यंत चाल. काय बोलाचं थे तू पाहा."

मनीषनं फोन लावला. चपला काढल्या. तो धानातून चालू लागला आणि ती गोदामाच्या दारात ऐकत राहिली. पटांगणाचा मध्य आला... गेला. आवाज तुटला नाही. मग मिलची घरघर, ऑफिसच्या दाराची करकर. मनीषनं फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, फोनवर प्रतीक्षा आहे. मले तिच्यासंग लग्न कराचं आहे."

फोनमधून कपबशी आदळल्याचा आवाज आला.

"कोनती प्रतीक्षा?" माहीत असूनही मारोतरावांनी विचारलं. "कोनाची पोरगी?"

मनीष तोंड उघडायच्या आत तीच बोलली, "साकोलीच्या यादोराव रामटेकेची. काका, आवाज नीट येऊन राहिला न?"

"अरे, तुटत नाही काय आता हा फोन?" मारोतराव गरजले.

"नाही तुटत, बाबा," मनीष म्हणाला. "आता नाही तुटनार."

प्रतीक्षानं बूट हातात घेतले आणि फोन कानाला लावून, धानात सरळ रेघ पाडत ती ऑफिसकडे निघाली.

"थांबा काका, मीच येऊन राहिली. आज चहा आत बसून पिईन."